खिशात राहिलेला चष्मा

मित्रांनो, मी एक चष्मा. वयाने जुना, पण अंगाने नवाच. माझ्या काड्या वाकलेल्या नाहीत, काचांवर ओरखडा नाही, आणि हेच माझं दुःख आहे. चष्म्याने झिजावं, घामाने पिवळं पडावं, पोरांच्या हातून दोनचारदा तरी आपटावं. त्याशिवाय चष्म्याच्या जन्माला आल्याचं सार्थक होत नाही. मी मात्र कपाटाच्या खणात शर्टाच्या सुट्या गुंड्यांशेजारी पडून आहे. ज्या नाकासाठी मला बनवलं ते नाकही आता मोठं झालं. त्या नाकाच्या मालकिणीचं नाव ऊर्मी. खरं तर ही तिचीच गोष्ट आहे. माझी एकट्याची गोष्ट सांगायला बसलो तर दोन ओळींत संपेल.

माझा जन्म चेन्नईचा. तांबरम स्टेशनच्या बाहेर, फुलांचे गजरे विकणाऱ्या बायकांच्या रांगेमागे, एक छोटं चष्म्याचं दुकान होतं. मीटर गेजची जुनी गाडी बंद होऊन मोठ्या रुळांवरची लोकल सुरू झाली, तेव्हाची गोष्ट आहे. दुकानात लहान मुलांच्या फ्रेमचा एक खोका होता. त्यात मी होतो, निळ्या रंगाचा, जरा दिमाखातच. माझ्यात बसवायच्या काचा यंत्रावर घासताना अशी काही किंकाळी निघाली की शेजारच्या फ्रेमा घाबरल्या असतील. दोन काचांपैकी डावी काच उजवीपेक्षा बरीच जाड होती. घासणारा म्हणाला, "सांभाळून वापर बाबा, डाव्या बाजूला जड होणार तू." मला वाटलं, जड तर जड. आपण कामाचे आहोत, एवढं पुरे.

मी येण्याच्या आधीचं जे सांगतो, ते त्या घरात राहून कानावर पडलेलं आहे.

ऊर्मीचे बाबा रविकांत हे मूळचे मिरजेचे. रेल्वेत मालगाडीवर असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागले आणि इकडे आले. रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये दोन खोल्यांचं घर, बायको विद्युलता आणि ही एकुलती एक मुलगी. इंजिनात दोघं जण असतात. लांबून सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने रंग सांगायचा, दुसऱ्याने आपल्या डोळ्यांनी तो बघायचा आणि मग तोच रंग पुन्हा मोठ्याने म्हणायचा. दोघांचं जुळलं तरच गाडी बिनघोर पुढे जाते. रविकांतच्या हाडीमाशी हे इतकं मुरलं होतं की भाजी आणायला जातानासुद्धा ते रुळांकडे बघून पुटपुटत असत.

ऊर्मी चार वर्षांची झाली तेव्हापासून बापलेकीचा एक खेळ सुरू झाला. बाबा ड्युटीवर नसले की संध्याकाळी दोघं रुळांवरच्या पादचारी पुलावर जायची. बाबा हात लांब करून म्हणायचे, "सिग्नल हिरवा!" ऊर्मी टाचा उंचावून ओरडायची, "पच्चै!" बाबा म्हणायचे, "पिवळा!" ती म्हणायची, "मंजळ!" शाळेत, अंगणात सगळीकडे तमिळ, त्यामुळे रंग तिच्या तोंडात तमिळच यायचे. येणारेजाणारे थांबून कौतुक करायचे. ड्युटीचे सोबती म्हणायचे, "रविकांत, तुझी मुलगी आमच्या नोकऱ्या घालवणार!" बाबांची छाती फुगायची. हसू आवरत ते म्हणायचे, "नजर आहे पोरीची नजर!"

आता नीट ऐका. ऊर्मीला सिग्नल कधी दिसलाच नव्हता. तिला रुळांच्या टोकाला एक धुरकट, भिजल्यासारखा ठिपका दिसायचा. कधी तोही नाही. पण म्हणून ती खोटं बोलत होती असं मुळीच समजू नका. तिच्या मते खेळ असाच होता. बाबा रंग सांगतात, आपण तो तमिळमध्ये म्हणायचा आणि मग बाबा खांद्यावर हात ठेवतात. सगळ्या जगाला लांबचं असंच भिजलेलं दिसतं, असं तिला वाटत होतं. ज्याने कधी नीट पाहिलंच नाही त्याला आपल्याला दिसत नाही हे कसं कळणार?

ती दुसरीत असताना शाळेत डोळे तपासायला काही मंडळी आली. बाईंनी विद्युलताला बोलावून सांगितलं, "मुलीला लांबचं कमी दिसतं. डॉक्टरकडे न्या." घरी हे ऐकल्यावर रविकांत मोठ्याने हसले.

"आमच्या ऊर्मीला? अगं, रोज पुलावरून सिग्नल सांगते ती! तिकडचे ड्रायव्हर ऐकायला थांबतात. घाईघाईत तपासलं असेल त्यांनी."

विद्युलता गप्प बसली, कारण सिग्नल सांगताना तिनेही मुलीला ऐकलं होतं. वर्ष तसंच गेलं. पण आईचं लक्ष असतं. टीव्हीला नाक लावून बसणारी, डोळे बारीक करून बघणारी, रस्त्यापलीकडून आलेल्या आईला हाक मारेपर्यंत न ओळखणारी मुलगी तिला दिसत होती. शेवटी एक दिवस रविकांत गुम्मिडिपूंडीच्या बाजूला मालगाडी घेऊन गेले असताना तिने ऊर्मीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांचं नाव चंद्रिका. बोलणं सगळं तमिळमध्ये झालं. विद्युलताला कामापुरतं तमिळ येत होतं, तुम्हाला मी ते मराठीत सांगतो. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं, ऊर्मीच्या गालाला हात लावून "शाब्बास कण्णा" म्हणाल्या आणि मग आईकडे वळल्या.

"दोन्ही डोळ्यांना लांबचं दिसत नाही. पण डाव्याचा नंबर फारच पुढे गेलाय. असं असलं की मेंदू चांगल्या डोळ्यावर काम भागवतो आणि दुसऱ्याला बसवून ठेवतो. बसून बसून तो डोळा बघायला शिकतच नाही. आत्ता ती लहान आहे. चष्मा दिवसभर लावला तर डावा डोळा शिकेल. उशीर केलात तर पुढे कितीही चांगली काच दिली तरी त्याला दिसणार नाही."

विद्युलता घाबरून म्हणाली, "पण चष्मा लावला की नंबर वाढत जातो म्हणतात ना?"

डॉक्टर हसल्या. "मूल वाढतं तसा डोळाही वाढतो, लांबट होतो, म्हणून नंबर वाढतो. चपला घातल्या म्हणून मुलांचे पाय वाढतात का? नंबर वाढेल, काच बदलावी लागेल. म्हणून तर सहा महिन्यांनी परत आणायचं. तेव्हा बघून उजव्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी बांधायची का ते ठरवू. आणि तिला बाहेर उजेडात खेळू द्या. पुस्तक नाकाला लावून वाचू देऊ नका."

दुकानातल्या खोक्यातून ऊर्मीने मला निवडलं ते त्याच दिवशी. काचा बसवून मी तयार झालो आणि तिच्या कानांवर चढलो, तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस. दुकानाच्या पायरीवर उभी राहून ती नुसती बघत राहिली. तेवढ्यात वरून हवाईदलाचं शिकाऊ विमान गेलं. तांबरमला ती सारखी घोंघावत असतात. ऊर्मीने मान वर केली आणि ओरडली, "आई, त्याला शेपटी आहे!" इतकी वर्षं तिच्या लेखी विमान म्हणजे नुसता आवाज होता. विद्युलताने पदर डोळ्यांना लावला. मी असा ताठ बसलो होतो की विचारू नका. मला वाटलं, आता आपलं आयुष्य मार्गी लागलं.

घरी परतताना पुलावर ती थांबली. रुळांच्या टोकाला खांब होता, खांबावर एकाखाली एक दिवे होते आणि त्यातला एक तांबडा पेटला होता. एवढासा, टिकलीएवढा. "आई, एवढा लहान असतो?" तिने विचारलं. आज बाबांना आपण आधी रंग सांगायचा, असं ठरवूनच ती घरी आली.

संध्याकाळी रविकांत आले. हातातली लाईन बॉक्स, म्हणजे ड्युटीच्या सामानाची लोखंडी पेटी, त्यांनी खाली ठेवली आणि मुलीकडे पाहिलं. ते ओरडले नाहीत. डॉक्टर काय म्हणाल्या ते विद्युलता सांगत होती, ते हूं हूं करत होते, पण त्यांची नजर माझ्यावर खिळली होती.

"बाबा, चला ना पुलावर!" ऊर्मीने त्यांचा हात ओढला.

त्यांनी हात सोडवून घेतला. "नको आज."

"का?"

"चष्मा लावून सिग्नल नसतात बघायचे." एवढं बोलून ते आंघोळीला गेले.

त्यांच्या या वाक्यामागे काय होतं, ते मला पुढे कळलं. रविकांतना ज्यांनी इंजिनावर शिकवलं ते जनकोजी काका, तंजावरकडचे मराठी ड्रायव्हर, फार नावाजलेला माणूस. डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले आणि त्यांना गाडीवरून उतरवलं. आता ते स्टोअरमध्ये बसून झेंडे आणि कंदील वाटतात. रविकांत त्यांच्या समोरून जायचं टाळत. त्यांच्या जगात चष्म्याचा अर्थ एकच होता, माणूस गाडीवरून उतरला. ते मुलीवर रागावले नव्हते मित्रांनो, ते घाबरले होते. पण आठ वर्षांच्या मुलीला बापाचं घाबरणं आणि रागावणं यातला फरक कुठे कळतो?

पुढचे कितीतरी दिवस पूल बंद. बाबा घरी असले तरी बाहेर एकटेच जात. ऊर्मी दारात उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत राहायची. माझ्यामुळे तिला ती पाठ पार वळणापर्यंत स्वच्छ दिसायची. तिला जे दाखवायला मी आलो, त्यात हेही होतं, याचं मला फार वाईट वाटतं.

एक दिवस तिने मला काढलं, फ्रॉकच्या खिशात घातलं आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, मी चष्मा नाही लावलाय. आता जाऊ या?"

रविकांतनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर असा काही सुटकेचा भाव आला की त्यांनाच तो लपवता आला नाही. त्यांनी तिचा हात धरला. खिशातून मला ऐकू येत होतं. "सिग्नल हिरवा!" "पच्चै!" बाबांचा हात पुन्हा तिच्या खांद्यावर आला. त्या दिवशी ऊर्मीने आपला हिशोब मांडला. चष्मा असला की बाबा नाहीत, चष्मा नसला की बाबा आहेत. तुम्ही काय निवडलं असतं?

तेव्हापासून माझा मुक्काम खिशात. सोबतीला खडूचे तुकडे आणि चिंचेच्या गोळ्यांचे चिकट कागद. आईने हटकलं की ती म्हणायची, शाळेत दिवसभर लावते, आणि आईला ते खरं वाटायचं. शाळेत बाईंना वाटायचं, घरी लावत असेल. शेजारच्या मुलीच्या वहीत बघून ती फळ्यावरचं उतरवायची, त्यामुळे मार्क बरे पडायचे आणि कुणाला शंका यायची नाही. सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे जायचं होतं, तेव्हा मिरजेला आजोबा आजारी पडले. मग परीक्षा आल्या, मग सुट्टी. विद्युलता मधूनमधून विचारायची, "दिसतंय ना गं नीट?" ऊर्मी पुस्तकातून मान वर न करता म्हणायची, "दिसतंय." मग पुढच्या महिन्यात जाऊ, असं ठरायचं. इकडे ऊर्मी वाढत होती. तिचे फ्रॉक आखूड झाले, चपला लहान झाल्या. ते सगळ्यांना दिसलं. डोळेही वाढत होते, ते दिसणार कुणाला? मी खिशात घुसमटत होतो. मला तोंड असतं तर मी त्या पुलावर सगळ्यांसमोर ओरडलो असतो.

ती पाचवीत गेली तेव्हा रविकांतना ड्रायव्हर होण्याच्या ट्रेनिंगचा निरोप आला. घरात आनंदीआनंद झाला. त्या संध्याकाळी बापलेक पुलावर आले तेव्हा रविकांत अगदी रंगात होते. ते तिला जनकोजी काकांच्या गमती सांगू लागले.

"काका असे वस्ताद होते, ऊर्मी! नव्या पोराची परीक्षा घ्यायला मुद्दाम उलटा रंग सांगायचे. पोरगा झोपेत असला की सापडायचा. मी एकदाही सापडलो नाही बघ."

"मी पण नाही सापडणार," ऊर्मी म्हणाली.

"तू? तुला कोण पकडणार!" ते हसले. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी रुळांकडे हात केला. समोर खांबावर तांबडा दिवा होता. आवाजात हसू दाबून त्यांनी आरोळी दिली, "सिग्नल हिरवा!"

आता पोरगी उडी मारून "चूक!" म्हणेल, आपल्याला वेडावेल, असं त्यांच्या मनात होतं.

"पच्चै!" ऊर्मी ओरडली. नेहमीसारखीच, छान मोठ्या आवाजात.

खाली एक लोकल येऊन थांबली, माणसं चढली उतरली.

"ऊर्मी, नीट बघ. कुठला?"

"पच्चै, बाबा. तुम्हीच म्हणालात ना?"

"मी म्हणालो ते राहू दे. तुला काय दिसतंय?"

तिने डोळे बारीक केले, मान वाकडी केली. मग हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही आधी सांगता ना. मी मग म्हणते. असंच असतं ना?"

रविकांतनी कठडा धरला. न बघता दुसऱ्याचा रंग म्हणणारा सोबती म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं त्या पुलावर कुणाला माहीत असणार? पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांपुढे आली असेल. ते गुडघ्यांवर बसले. "चष्मा कुठाय तुझा?" तिने घाबरत खिसा दाखवला. त्यांनी मला बाहेर काढलं, चिकट कागद सोडवले, स्वतःच्या शर्टाने काचा पुसल्या. त्यांनी मला तिच्या कानांवर चढवलं तेव्हा माझ्या काड्या ताणल्या गेल्या, इतकी ती मोठी झाली होती.

"आता सांग राणी. सावकाश सांग."

मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. पण ऊर्मीने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बाबा, आता पण नाही दिसत."

तिचा नंबर माझ्या काचांच्या कितीतरी पुढे निघून गेला होता. मी आता तिच्या कामाचा राहिलो नव्हतो. रविकांतनी तिला पोटाशी धरलं आणि भर रहदारीच्या पुलावर तो धिप्पाड माणूस रडला. ऊर्मी त्यांची समजूत घालत होती, "अय्यो, रडू नका ना बाबा. मी चष्मा नाही लावणार." ते शब्द ऐकून त्यांचं रडणं आणखीच वाढलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः तिला घेऊन डॉक्टर चंद्रिकांकडे गेले. मला पुरावा म्हणून सोबत नेलं होतं, टेबलावर ठेवलं होतं. उजव्या डोळ्याला नव्या काचेने छान दिसलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला आणि डाव्यासमोर एकामागून एक काचा धरायला सुरुवात केली. ही बदल, ती बदल, आणखी जाड लाव. खोलीत फक्त काचांचा आवाज होता. समोरच्या तक्त्यावर वरचं एकच मोठं अक्षर तिला कसंबसं वाचता आलं. खालच्या ओळीवर गाडी अडली.

मागे खुर्चीवर बसलेल्या रविकांतना ते सहन होईना. त्यांच्या तोंडून अगदी हळू, श्वासासारखं निघालं, "टी..."

ऊर्मीने मागे वळून पाहिलं नाही. ती म्हणाली, "नका ना सांगू बाबा. मला दिसत नाहीये."

डॉक्टरांनी काच खाली ठेवली. त्या रागावल्या नाहीत, आणि मला वाटतं त्या रागावल्या असत्या तर रविकांतना बरं वाटलं असतं. "पट्टी बांधून बघू," त्या म्हणाल्या. "थोडंफार सुधारेलही. पण पूर्ण नाही. तेव्हाच चष्मा लावला असता तर..." पुढचं त्यांनी गिळून टाकलं.

ऊर्मीला नवा चष्मा झाला. तो आता झिजतो, पडतो, घसरतो, सांबाराच्या वाफेने धुरकटतो, दर सहा महिन्यांनी तपासणीला जातो. मला त्याचा हेवा वाटत नाही. उजव्या डोळ्याने तिचं सगळं नीट चाललं आहे, तिला अभ्यास येतो, ती हसतेसुद्धा. रविकांत ड्रायव्हर झाले. मुलीच्या डाव्या बाजूने चालायची त्यांना सवय लागली आहे. तिकडून कुणी आलेलं तिला नीट कळत नाही म्हणून.

मुलांनो, तुम्हाला एकच सांगणं आहे. फळ्यावरचं दिसत नसेल तर शेजारच्या वहीत डोकावू नका. दुसऱ्याने सांगितलेलंच पुन्हा बोलून मोकळे होऊ नका. "मला दिसत नाही" हे मोठ्याने म्हणा. त्यात लाज कसली? आणि चष्मा मिळाला तर तो नाकावर ठेवा, त्यासाठीच तो जन्माला आला आहे. घरातल्या मोठ्यांनाही माझा निरोप द्या. तुम्हाला चष्म्याची भीती वाटली तर ती पोरांना दाखवू नका, कारण तुमच्या प्रेमापोटी ती मुकाट्याने डोळेसुद्धा देऊन टाकतात. लहान डोळा वाट बघत थांबत नाही. ऊर्मीच्या डाव्या डोळ्याला दिसलं असतं, मित्रांनो. तेव्हा दिसलं असतं.